‘बाकी फिटली की जाऊ’ : कोळशाच्या भट्टीवरून सुटलेल्या एका कुटुंबाचं प्रकरण

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी दुपारी घाटावरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात पाय भाजलेली एक कातकरी बाई आली. वय तिशीच्या आतबाहेर. उजवा पाय घोट्यापर्यंत सगळीकडून भाजलेला, त्यावर हळद आणि राख थापलेली. सोबत नवरा नव्हता. पांढऱ्या शर्टातला एक माणूस होता आणि सिस्टर तिला जे विचारत होत्या त्याचं उत्तर तो देत होता. नाव त्यानंच सांगितलं, गावही त्यानंच. कधी भाजलं? ‘काल रात्री.’ कशानं? ‘चुलीत पाय गेला.’

सिस्टरना वीस वर्षांचा अनुभव. जखमेत पू झालेला होता, कडा काळ्या पडल्या होत्या. जखम कालची नव्हती, चार-पाच दिवसांची तरी होती. चुलीत पाय गेला तर तळवा भाजतो किंवा एक बाजू भाजते. हा पाय वरून खाली आत गेला होता. त्या भागात कोळशाच्या भट्ट्या लागतात हे त्यांना ठाऊक होतं. भट्टी आतून जळत असताना रात्री तिच्यावर चढून माती सारखी करावी लागते, आणि आतलं लाकूड बसलं की वरचा थर खचतो, हेही.

त्यांनी त्या माणसाला केसपेपर काढायला आणि मग औषधांच्या खिडकीवर पाठवलं. मधे पाच-सात मिनिटं मिळाली. त्या बाईशेजारी बसल्या आणि ड्रेसिंग करता करता साधंच विचारलं, ‘बाय, नवरा का नाही आला?’

‘भट्टी पेटलीय. सोडून कसा येल?’

‘घरी कधी जाणार?’

‘बाकी फिटली की जाऊ.’

पुढचं सगळं प्रकरण या चार शब्दांतून उलगडलं. ते मी इथे सविस्तर मांडते आहे. वेठबिगारी आणि मानवी तस्करी म्हटलं की डोळ्यांसमोर साखळदंड येतात, बंद खोल्या येतात. प्रत्यक्षात ती केसपेपरच्या रांगेत उभी असते आणि आपण तिला ओलांडून पुढे जातो. हे कुटुंब ओळखू येऊ नये म्हणून गावं, नाती आणि रकमा बदलल्या आहेत, आणि दोन कुटुंबांच्या बाबतीत घडलेले काही प्रसंग एकत्र गुंफले आहेत. कायदा आणि कार्यपद्धती मात्र आहे तशीच ठेवली आहे.

सिस्टरनी त्या पाच मिनिटांत काय केलं नाही, हे आधी सांगायला हवं. ‘तुला डांबून ठेवलंय का?’ असं त्यांनी विचारलं नाही. फोन नंबराची चिठ्ठी तिच्या हातात दिली नाही. ती चिठ्ठी संध्याकाळी कुणाच्या हाती लागली असती तर मार तिला बसला असता. ‘मी पोलिसांना सांगते’ असंही म्हणाल्या नाहीत. तो माणूस परत आल्यावर त्याच्याकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, ‘दर दोन दिवसांनी ड्रेसिंग लागेल. हयगय केली तर पाय जाईल.’ हे खरंही होतं. पण या एका वाक्यामुळे बाईला परत येण्याचं कारण मिळालं, ज्याला तो माणूस नाही म्हणू शकत नव्हता. केसपेपरवर त्यांनी डॉक्टरांकडून नोंद करून घेतली : जखम अंदाजे चार ते पाच दिवसांपूर्वीची, सोबतच्या इसमाने कालची असल्याचे सांगितले. पुढे तपासात हा कागद फार उपयोगी पडला. संध्याकाळी त्यांनी मला फोन केला. आमची छोटी संस्था स्थलांतरित मजुरांबरोबर काम करते, आणि सिस्टरची आमची ओळख लसीकरणाच्या निमित्तानं झालेली.

कुटुंब मूळचं रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरवाडीतलं. नवरा, बायको, नवऱ्याचा धाकटा भाऊ आणि तीन मुलं. थोरली मुलगी अकरा वर्षांची, चौथीपर्यंत शिकलेली. कातकरी ही केंद्र सरकारनं विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या महाराष्ट्रातल्या तीन आदिवासी जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. जमीन जवळपास नाहीच. पावसाळ्यात मासे-खेकडे, लावणीची मजुरी, आणि लावणी संपली की श्रावण-भाद्रपदाचा रिकामा काळ. मजूर जमवणारा मुकादम नेमका तेव्हा येतो.

मुकादम परका नव्हता, शेजारच्या वाडीतला, लांबच्या नात्यातला होता. मुलगा तापानं आजारी, झोपडीवर प्लास्टिक घालायचं होतं. त्यानं 20,000 रुपये उचल दिली. दसऱ्यानंतर भट्टीवर जायचं, पोत्यामागे 120 रुपये, दर रविवारी खर्ची म्हणजे आठवड्याच्या खर्चाचे पैसे, आणि पावसाआधी हिशेब. कागद नाही, सही नाही. नवऱ्यानं अंगठा दिला तो एका वहीत, आणि त्या वहीत काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नव्हतं.

भट्टीचं काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडं थांबते. आधी झाडं तोडायची, ओंडके करायचे, ते गोलाकार रचायचे, वर पालापाचोळा आणि मातीचा लेप द्यायचा आणि आत विस्तव सोडायचा. लाकूड पेटता कामा नये, कोंडून धुमसायला हवं. लेपाला भेग पडली, हवा आत गेली, की कोळशाची राख होते आणि सगळी मेहनत वाया. म्हणून दिवस-रात्र पहारा. निळसर धूर दिसला तर ठीक, कुठे लाल दिसलं तर अंधारात वर चढून माती टाकायची. मग विझवणं, कोळसा काढणं, पोती भरणं. हे सगळं घर करतं, मुलांसकट. पोत्यावर मजुरी असली की मूल वेगळं मोजावंच लागत नाही.

पहिल्या हंगामाचा हिशेब आठ महिन्यांनी झाला. शेठच्या, म्हणजे भट्टीवाल्याच्या, वहीप्रमाणे पोती 240, म्हणजे मजुरी 28,800. त्यातून उचल 20,000, खर्चीचे 34 आठवडे 600 रुपयांप्रमाणे 20,400, दवाखाना 1,500, आणि ‘खाडे’ 2,400. कामावर न आलेल्या दिवसाला खाडा म्हणतात हे सगळ्यांना माहीत आहे. पण इथे पोत्यावर काम करणाऱ्याच्या नावावर दिवसाचा दंड लावला होता, आणि त्यात मूल तापानं फणफणलं होतं ते दिवसही होते. वजाबाकी झाली आणि आठ महिने राबल्यावर कुटुंबाच्या अंगावर 15,500 रुपये बाकी निघाली.

आता दुसरी बाजू. झोपडीच्या दाराला एक गंजका पत्रा होता. थोरली मुलगी रोज संध्याकाळी भरलेल्या पोत्यांच्या रेघा त्यावर कोळशानं ओढायची. चार उभ्या आणि पाचवी आडवी, शाळेत बाईंनी शिकवल्या होत्या तशा. कोळशाच्या रेघा पुसट होतात म्हणून नंतर तिनं त्या खिळ्यानं ओरखडल्या होत्या. आम्ही मोजल्या तेव्हा पहिल्या हंगामाच्या 610 भरल्या. 610 पोत्यांचे 73,200 होतात. उचल, खर्ची आणि दवाखान्याचे मिळून 41,900 वजा केले तरी शेठनंच या कुटुंबाला 31,300 रुपये देणं होतं. आणि हाही भाव न्याय्य धरून चाललेला हिशेब झाला. तीन मोठी माणसं आठ महिने दिवस-रात्र राबली, त्याचे 73,200 म्हणजे माणशी महिना 3,050 रुपये. किमान वेतनाच्या ते आसपासही नाहीत.

पावसाळ्यात नवरा-बायको-मुलं वाडीवर आली, पण धाकट्या भावाला शेठनं ठेवून घेतलं, गुरं राखायला. ‘बाकी आहे, एक माणूस राहू दे.’ त्याला ओलीस हा शब्द कुणी वापरला नाही. दसऱ्याला कुटुंब पुन्हा भट्टीवर गेलं. जानेवारीत नवऱ्याची आई वारली. तो सांगून दहाव्याला वाडीवर आला आणि चार दिवस जास्त राहिला. पाचव्या दिवशी जीप आली. वाडीतल्या सगळ्यांसमोर त्याला मारत जीपमध्ये घातलं. वाडीतल्या एका म्हाताऱ्यानं मला हे सांगितलं तेव्हा शेवटी तो म्हणाला, ‘पैसं घेतलं होतं ना त्यानं.’ रागानं म्हणाला नाही. पाऊस पडला असं सांगावं तसं म्हणाला. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त लागलेलं वाक्य ते आहे.

कारण नेमका हाच समज कायद्यानं पन्नास वर्षांपूर्वी मोडीत काढला आहे. वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा 1976 चा, पण तो 25 ऑक्टोबर 1975 पासून लागू धरला जातो. त्यानुसार उचल घेतली हा गुन्हा नाही, आणि घेतली म्हणजे माणूस बांधला गेला असंही नाही. उचलीच्या बदल्यात चारपैकी एकही गोष्ट गेली, तर ती वेठबिगारी : योग्य मजुरी मिळण्याचा हक्क, दुसरीकडे काम करण्याची मोकळीक, हवं तिथे जाण्या-येण्याची मोकळीक, आणि आपली मेहनत किंवा माल बाजारभावानं विकण्याचा हक्क. एकही पुरे. या कुटुंबाच्या पहिल्या तिन्ही गेल्या होत्या. कलम 6 प्रमाणे असं कर्ज आपोआप संपतं; ते फेडायचं राहतच नाही. संपलेल्या कर्जापोटी पैसे घेणारा कलम 9 खाली गुन्हेगार ठरतो. आणि कलम 15 सगळ्यात मोलाचं : मजूर म्हणाला की हे वेठबिगारीचं कर्ज आहे, तर तसं नसल्याचं शाबीत करण्याची जबाबदारी शेठवर येते, मजुरावर नाही.

सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्ये, दिल्लीच्या आशियाई स्पर्धांसाठी राबणाऱ्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करावं लागणं हेही संविधानाच्या अनुच्छेद 23 खालचं सक्तीचं काम आहे. पोटाची गरज हीदेखील सक्तीच. 1984 च्या बंधुआ मुक्ती मोर्चा निकालात पुढचं पाऊल पडलं : मजूर सक्तीनं राबतोय असं दिसलं की तो उचलीपायी राबतोय असं गृहीत धरायचं. आपल्याकडे ठाणे जिल्ह्यात लग्नासाठी घेतलेल्या पैशांपायी जन्मभर जमीनदाराकडे राबणाऱ्या वारल्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. 1945 मध्ये गोदावरी परुळेकरांच्या पुढाकारानं त्या गड्यांनी ती पद्धत झुगारली. लग्नाच्या जागी प्लास्टिक आणि मुलाचं औषध आलं, जमीनदाराच्या जागी भट्टीवाला. अंगठा तोच.

मग याला तस्करी का म्हणायचं? कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम 143 मध्ये तीन गोष्टी जुळाव्या लागतात. माणसाची भरती करणं, नेणं, ठेवून घेणं. त्यासाठी धाक, जबरदस्ती, फसवणूक, सत्तेचा गैरवापर किंवा आमिष यांतलं काही वापरणं. आणि हेतू पिळवणुकीचा असणं. मुकादमानं भरती केली आणि नेलं, शेठनं ठेवून घेतलं, पोत्यांचा हिशेब फसवा सांगितला, जीपमधून मारत आणलं, आणि गुलामीसारखी स्थिती केली. त्याच कलमात स्पष्ट लिहिलं आहे की पीडित व्यक्तीची संमती होती की नव्हती हा मुद्दाच गैरलागू आहे. ‘स्वतःच्या पायानं गेले होते’ हे उत्तर तिथे चालत नाही. एकापेक्षा जास्त माणसांची तस्करी असेल तर किमान दहा वर्षं, एकापेक्षा जास्त मुलं असतील तर किमान चौदा वर्षं शिक्षा. त्यामानानं 1976 च्या कायद्यातली शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं आणि दोन हजारांचा दंड आहे, आणि गुन्हा जामीनपात्र. म्हणून तक्रारीत दोन्ही कायदे, आणि पीडित आदिवासी व शेठ बिगर-आदिवासी असल्यानं 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही घालणं महत्त्वाचं असतं. नुसतं 1976 चं कलम लागलं तर शेठ संध्याकाळी घरी.

आता आमची चूक.

सिस्टरचा फोन आला त्या रात्री आमच्यातल्या एका तरुण कार्यकर्त्यानं, भट्टी नेमकी कुणाची हे कळावं म्हणून, त्या गावातल्या ओळखीच्या एकाला सहज फोन लावला. ती व्यक्ती भट्टीवाल्याची सोयरी निघाली. बुधवारी बाई ड्रेसिंगला आली नाही. कुटुंब आधीच्या झोपडीतून हलवून सात-आठ किलोमीटर आतल्या जंगलपट्ट्यात नेलं होतं. भाजलेल्या पायानं ती बाई तिथवर चालत गेली. त्या कार्यकर्त्याला मी दोष देत नाही. माहिती कुणी, कुणाकडून आणि किती काढायची हे मी त्याला आधी सांगायला हवं होतं. बाईच्या पायाची जी तीन बोटं नंतर काढावी लागली त्यात या मधल्या दिवसांचा वाटा आहे, असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण मला तसंच वाटतं. तेव्हापासून आमचा नियम आहे : संशय आला की गावात चौकशी नाही, ग्रामपंचायतीत नाही, वाडीतही नाही. जे दिसलं, ऐकलं ते तारीख-वेळेसकट लिहायचं आणि थेट तालुक्याच्या वर जायचं.

शोध पुन्हा सिस्टरनीच लावला. लसीकरणाच्या फेरीत आशाताई त्या जंगलपट्ट्यात गेल्या. धाकट्या मुलाच्या डोसची नोंद राहिलीय, असं त्यांनी सांगितलं, आणि ती खरंच राहिली होती. परत येऊन त्यांनी माणसं मोजून सांगितली : त्या एका भट्टीवर अजून चार कुटुंबं होती.

शनिवारी सकाळी आम्ही प्रांताधिकाऱ्यांना लेखी अर्ज दिला. वेठबिगारीची तक्रार आली की चौकशी करणं, सोडवणं आणि मुक्ततेचा दाखला देणं ही जिल्हाधिकाऱ्यांची आणि त्यांनी नेमलेल्या दंडाधिकाऱ्यांची जबाबदारी आहे. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर दक्षता समितीही असायला हवी. अर्जात आम्ही विशेषणं एकही वापरली नाहीत. किती माणसं, किती मुलं, उचल किती, कधीपासून, हिशेब काय, कागदपत्रं कुणाकडे, कोण कुठे जाऊ शकत नाही, केसपेपरची प्रत, वाडीतल्या मारहाणीचा दिवस. प्रत पोलीस अधीक्षकांना आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला. मुलं असल्यानं 1098 वरही कळवलं. ज्यांना अर्ज वगैरे शक्य नाही त्यांनी 112 वर सांगितलं तरी सुरुवात होते, आणि मोफत वकिलासाठी 15100 आहे. पण वेठबिगारीत नुसत्या पोलिसांवर भागत नाही. महसूल खातं सोबत नसेल तर माणसं सुटतात पण दाखला मिळत नाही, आणि दाखल्याशिवाय ती सरकारच्या लेखी फक्त काम सोडून आलेली माणसं असतात.

सोमवारी पहाटे पथक गेलं. नायब तहसीलदार, पोलीस, महिला शिपाई, कामगार खात्याचे अधिकारी, आम्ही दोघं. शेठचा माणूस तिथेच होता. कुटुंबांना एका झाडाखाली बसवलं आणि जबाब सुरू झाले. तेव्हा सगळं हातचं जायची वेळ आली होती. अधिकाऱ्यांनी विचारलं, ‘पैसे घेतलेत का?’

‘घेतलं.’

‘काम स्वतःहून करताय?’

‘होय साहेब.’

‘मारहाण वगैरे?’

नवऱ्यानं शेठच्या माणसाकडे बघितलं. ‘नाय.’

अधिकारी वाईट नव्हते. पण हे प्रश्न सावकाराच्या वहीतून आल्यासारखे होते. आम्ही विनंती केली की शेठच्या माणसाला दूर नेऊन प्रत्येकाशी वेगळं बोलावं, आणि बाईशी महिला शिपायानं बोलावं. त्यांनी ते ऐकलं. मग प्रश्नही बदलले.

‘उद्या बाजाराला जायचं झालं तर?’ — ‘शेठला इचारून.’

‘शेठ नको म्हणाला तर?’ — ‘मग नाय जायचं.’

‘दुसऱ्यानं पोत्याला दीडशे देतो म्हटलं तर जाशील?’ — नवरा पहिल्यांदा जरा हसला. ‘बाकी हाय ना.’

‘आधार कार्ड कुठंय?’ — ‘शेठकडं. सांभाळायला.’

‘फोन?’ — ‘चार्जिंगला शेठच्या घरी.’ किती दिवस? — ‘दिवाळीपासनं.’

नायब तहसीलदारांनी लिहिणं थांबवून वर बघितलं. त्या क्षणी त्यांना उमगलं असं मला वाटतं. ‘तुम्हाला डांबून ठेवलंय का?’ या प्रश्नाला बांधलेला माणूस ‘नाही’ म्हणतो, कारण त्याच्या लेखी तो ऋणको आहे, कैदी नाही. त्याला ‘उद्या’बद्दल विचारावं लागतं. दुसऱ्या टोकाला बाईनं महिला शिपायाला पाय दाखवला, आणि भाजलेल्या दिवसांचे खाडे वहीत धरलेत हे सांगितलं. वही जप्त झाली, त्यात ते खाडे होते. आम्ही पहिल्या झोपडीचा पत्राही पंचनाम्यात घ्यायला लावला. एक शिपाई म्हणाला, ‘भंगार कशाला?’ नायब तहसीलदारांनी स्वतः रेघांचा फोटो काढला.

पाच कुटुंबं, एकवीस माणसं, त्यात नऊ मुलं. त्याच दिवशी संध्याकाळी प्रांतांच्या कार्यालयात चौकशी झाली आणि तिसऱ्या दिवशी मुक्ततेचे दाखले हातात आले. हे लवकर झालं. मी महिनोन् महिने दाखल्यासाठी थांबलेली माणसं पाहिली आहेत. दाखल्यावर दोन नावं चुकली होती, एका बाईचं नाव नवऱ्याच्या दाखल्यातच ‘व पत्नी’ असं घातलं होतं. ते आम्ही परत फिरवलं. हा किरकोळ आग्रह वाटेल. पण केंद्राच्या पुनर्वसन योजनेत रक्कम माणशी आहे : पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, आणि तस्करी किंवा लैंगिक शोषणासारख्या अतिगंभीर प्रकरणांत तीन लाख. ‘व पत्नी’ला दोन लाख मिळत नाहीत. त्यातले 30,000 पर्यंत तातडीची मदत म्हणून लगेच मिळू शकतात. उरलेले खटल्याच्या निकालाशी बांधलेले आहेत, आणि मला ही अट मनापासून चुकीची वाटते. साक्षीदार गरीब, आरोपी सधन, आणि पुनर्वसनाचे पैसे शिक्षेवर अवलंबून. म्हणजे आरोपीच्या वकिलानं तारखा लांबवल्या की उपाशी राहतो तो मजूर. सोडवणं पुनर्वसनाशिवाय अर्थहीन आहे असं सर्वोच्च न्यायालयानं 1984 मध्येच, नीरजा चौधरी प्रकरणात, म्हणून ठेवलं आहे.

वाडीवर परतल्यावरचे पहिले दोन महिने सगळ्यात अवघड गेले. बाई जिल्हा रुग्णालयात, तीन बोटं काढली, सोबत तिची जाऊ. घरात आधार कार्डं नव्हती, बँक खातं नव्हतं, रेशनकार्ड जप्तीच्या मुद्देमालात अडकलेलं. तातडीची मदत जमा व्हायला खातं लागतं, खात्याला आधार लागतं. या चक्रात अडीच आठवडे गेले आणि त्या काळात घरात तांदूळ होते ते ग्रामसेवकांनी आणि शाळेतल्या बाईंनी मिळून दिलेले. मदत करायची इच्छा असलेले खूप लोक मला विचारतात, आम्ही काय करू. छापा घालायला तुमची गरज नसते. आधार केंद्रावर दिवसभर रांगेत उभं राहायला असते.

मुकादम येत राहिला. धमकी द्यायला येत नव्हता, रडायला यायचा. ‘माझ्यावर केस लागली, तुझा भाऊच आहे ना मी.’ नवरा दोनदा जबाब फिरवायच्या बेतात आला. बाई रुग्णालयातून आली आणि तिनं मुकादमाला दारातूनच परतवून लावलं. तिच्याकडे कुणी समुपदेशन म्हणून बसलं नव्हतं; विधी सेवा प्राधिकरणाच्या वकीलबाईंनी तिला कलम 6 तीन वेळा समजावून सांगितलं होतं, एवढंच. बाकी राहिलीच नाही, हे तिला पटलं होतं.

अकरा वर्षांची मुलगी रात्री दोन-तीनदा उठून बाहेर जायची. आईला वाटलं लघवीला. एका रात्री मागे जाऊन बघितलं तर पोरगी अंगणात उभी राहून अंधारात धूर शोधत होती. बालकल्याण समितीनं मुलांना आई-वडिलांकडेच राहू दिलं, हे फार चांगलं झालं. शाळेतल्या बाईंनी तिला थेट पाचवीत बसवलं. झोप हळूहळू जागेवर आली. मधे किती महिने गेले ते मी मोजले नाहीत.

खटला सुरू आहे. शेठ जामिनावर आहे. अत्याचार कायद्याखाली तपास उपअधीक्षकांनी केला, दोषारोपपत्र दाखल झालं आहे, आणि रेघांच्या पत्र्याचा फोटो त्यात आहे.

धाकटा भाऊ मात्र या श्रावणात पुन्हा उचल घेऊन बसला. वीटभट्टी, जिल्ह्यातलीच, आठ हजार. आम्हाला कळलं तेव्हा आमच्यातले काही जण चिडले. मला त्याच्यावर चिडता आलं नाही. रोजगार हमीचं काम वाडीत निघालं नव्हतं, आणि भात संपला होता. निघायच्या आदल्या दिवशी तो आमच्या कार्यालयात आला, स्वतःहून. हजार विटांचा भाव, उचलीची रक्कम, परतीचा महिना आणि भट्टीवाल्याचं नाव-गाव एका कागदावर लिहून घेतलं. एक प्रत ग्रामसेवकांच्या स्थलांतर नोंदवहीत लावली, एक त्यानं खिशात घातली. आधार कार्डाची छायाप्रत भट्टीवर द्यायची, मूळ कार्ड वाडीवर वहिनीकडे. पुतणीनं त्याला एक वही दिली आहे आणि रेघा कशा ओढायच्या ते शिकवलं आहे.

दर रविवारी खर्चीच्या दिवशी आम्ही त्याला फोन करतो. आतापर्यंत फोन त्याच्याच खिशात आहे आणि तो स्वतः उचलतो.